कापूसतोलावा

१

यंत्र जागे होते तेव्हा त्याला काहीच आठवत नसते. आपल्या पोटात कोणती प्रणाली आहे, ती डिस्कच्या कोणत्या कप्प्यात ठेवली आहे, काल रात्री कोणी काय बदलले, काही नाही. बटण दाबले की एक लहान प्रोग्राम उठतो. तो आपल्याहून थोड्या मोठ्याला उठवतो. तो आणखी मोठ्याला. या साखळीतल्या मधल्या कडीला बूट लोडर म्हणतात.

जुन्या पद्धतीच्या संगणकात डिस्कच्या अगदी आरंभी ५१२ बाइटांचा एक तुकडा असे. त्यातले ६४ बाइट विभागांच्या तक्त्याला, २ बाइट ओळखीच्या खुणेला. उरलेल्या ४४६ बाइटांत पहिल्या कडीने बसायचे. एका पोस्टकार्डावर मावेल एवढा ऐवज, आणि यंत्राचा अख्खा दिवस त्या पोस्टकार्डावरून सुरू होई.

आरंभ लहान असतो. त्यातली चूक मात्र लहान राहत नाही.

२

बूट लोडरला एक चिठ्ठी लागते. कोणती प्रणाली उठवायची, किती सेकंद वाट पाहायची, मेनूत कोणती नावे दाखवायची, ते सारे त्या चिठ्ठीत लिहिलेले असते. तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. ग्रब हा लिनक्सच्या जगातला सर्वांत परिचित बूट लोडर. एरिक बोलेन यांनी तो १९९५ मध्ये लिहायला घेतला. पुढे तो ग्नू प्रकल्पात आला, पुन्हा नव्याने लिहिला गेला आणि त्याच्या चिठ्ठीची एक छोटी भाषाच तयार झाली.

चिठ्ठी वाचण्याची पहिली पायरी अर्थ लावण्याची नसते. आधी शब्द सुटे करावे लागतात. अक्षरांच्या अखंड ओळीतून ‘हा एक शब्द, हे एक चिन्ह, ही एक रिकामी जागा’ असे तुकडे पाडायचे. या तुकड्याला टोकन म्हणतात आणि ते पाडणाऱ्याला टोकनायझर.

काही वर्षांपूर्वी अमरावतीत बसून मी ग्रबच्या चिठ्ठ्यांसाठी अशी एक लहान लायब्ररी लिहिली. काम किरकोळ वाटले होते. त्या किरकोळ कामाने मला जे शिकवले, ते मोठ्या कामांनी शिकवले नाही.

३

कागदावर सलग लिहा : कापूसतोलावा.

एक जण वाचेल, ‘कापूस तोलावा’. दुसरा वाचेल, ‘कापूस तो लावा’. पहिला काट्याकडे जाईल, दुसरा शेताकडे. पहिल्याचा हंगाम संपला आहे, दुसऱ्याचा सुरू व्हायचा आहे. अक्षर एकही बदलले नाही. एक मोकळी जागा तेवढी इकडची तिकडे झाली.

अर्थ अक्षरांत राहतो असे आपण समजतो. थोडा अर्थ अक्षरांच्या मधल्या जागेतही राहतो.

रिकामी जागा काही बोलत नाही. पण कोण कोणाजवळ उभे राहायचे, हे तीच ठरवते.

४

आपल्या जुन्या पोथ्या सलग लिहिलेल्या आहेत. शब्दाला शब्द लागून. मोडीचा कागद तर शिरोरेघ आधी ओढून मग तिला अक्षरे टांगत भरलेला. शब्द तोडून लिहिण्याची सवय छापखान्याने पक्की केली. स्वल्पविराम, अर्धविराम ही चिन्हे एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांच्या हातून मराठीत रुळली. त्याआधी प्रत्येक वाचकाला तोडण्याचे काम स्वतः करावे लागे. पोथी वाचता येणे म्हणजे अक्षर ओळखता येणे नव्हे. कुठे श्वास घ्यायचा ते कळणे.

त्याहून जुने उदाहरण वेदाचे. ऋग्वेदाची संहिता सलग म्हणायची आणि पदपाठ शब्द सुटे करून म्हणायचा. तो पदपाठ शाकल्याच्या नावाने ओळखला जातो. संधी सोडवून पद वेगळे करणे ही आपल्याकडे स्वतंत्र विद्या होती आणि तिला भाष्याच्या आधीचे स्थान होते. भाष्यकार पुष्कळ झाले, त्यांच्यात मतभेदही पुष्कळ झाले. पण बहुतेकांनी पाय ठेवला तो आधी कोणीतरी तोडून ठेवलेल्या पदांवर.

जो तोडतो तो अर्थ सांगत नाही. पण त्याने चुकीचे तोडले, तर अर्थ सांगणारा कितीही मोठा विद्वान असो, तो नसलेल्याच शब्दांचा अर्थ सांगत बसेल.

५

तोडण्याचे आणखी एक उदाहरण जवळचे आहे. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर अमरावतीहून दूर नाही. गोविंदप्रभूंचे गाव. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या मागे नागदेवाचार्य आणि इतर शिष्य इथे येऊन राहिले. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी, ज्याने पाहिले त्याला विचारून, गोळा केल्या. त्यातून लीळाचरित्र उभे राहिले. आज त्याच गावात मराठी भाषेचे विद्यापीठ आहे.

लीळाचरित्र झाल्यावर पंथातल्याच केसोबासांनी वेगळे काम हाती घेतले. लीळेत प्रसंग असतो, माणसे असतात, वाटा आणि गावे असतात, आणि त्या साऱ्यांच्या मध्ये स्वामींचे एखादे वचन असते. ती वचने केसोबासांनी वेचून वेगळी काढली. तो सूत्रपाठ.

वेचणे म्हणजे निवडणे आणि निवडणे म्हणजे तोडणे. वचन प्रसंगातून सुटे झाले की पाठ करायला हलके होते, पण पोरकेही होते. कोणाला उद्देशून बोलले, कशावरून बोलले, ते मागे राहते. पंथाला याची जाणीव होती. म्हणून कोणते सूत्र कोणत्या प्रसंगातले, हे सांगणारे ‘प्रकरणवश’ नावाचे ग्रंथ तयार झाले. तुकडा काढला, पण तो कुठून काढला याची नोंद जपली.

माझ्या लायब्ररीतले प्रत्येक टोकन आपल्यासोबत तीन गोष्टी बाळगते : आपला मजकूर, आपला प्रकार आणि आपली जागा, कितवी ओळ, कितवे अक्षर. पहिल्या मसुद्यात जागेची नोंद नव्हती. मला ती अनावश्यक वाटली होती. पंथाचे ‘प्रकरणवश’ आठवले आणि मी ती नोंद घातली.

मुळापासून तोडलेल्याला मुळाचा पत्ता द्यावा. एवढे ऋण तोडणाऱ्याकडे राहतेच.

६

केसोबासांचा दृष्टान्तपाठ आणखी एक शिस्त शिकवतो. त्यात आधी सूत्र, मग स्वामींनी सांगितलेला दृष्टान्त, मग त्या दोहोंचा मेळ घालणारे दार्ष्टान्तिक. पहिली दोन स्वामींची, तिसरे केसोबासांचे. आपला शब्द आणि गुरूचा शब्द यांत सरमिसळ नाही. वाचणाऱ्याला दर पायरीवर कळते की आता कोण बोलत आहे.

कोणी म्हटले आणि मला काय वाटले, हे दोन वेगळे कप्पे आहेत. एक भरताना दुसऱ्यातले त्यात सांडू नये, एवढी सावधगिरी म्हणजे अर्धे पांडित्य.

७

माझे बालपण अकोल्यात गेले, एका जिनच्या आवारालगत. वडील तिथे काट्यावर होते. हंगामात कापसाने भरलेल्या बैलगाड्या, पुढे ट्रॅक्टर, रांगेने उभे राहत. आत जिनांची ओळ. प्रत्येक जिनात कातडी रोलर फिरतो आणि त्याला लागून एक सुरी घट्ट बसवलेली असते. रोलर रुईचे तंतू धरून ओढतो. तंतू सुरीखालून निघून जातात. सरकीला मात्र त्या फटीतून जायला वाव नसतो. दुसरी हलती सुरी तिला ठोकरून सोडवते. एका बाजूला पांढरी रुई, खाली सरकी. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी मुख्यतः सरकी.

जिन कापड विणत नाही. या रुईचे धोतर होईल की वात, त्याला ठाऊक नसते. त्याचे काम एकच, जे वेगळे आहे ते वेगळे करणे. पण त्यात कसब आहे. सुरी फार घट्ट बसली तर सरकी फुटते, तिचे कण आणि तेल रुईत जाते. सैल राहिली तर सरकीला रुई चिकटून राहते. नीट बसवायची ती फट केसाएवढी असते आणि गिरण्यांचे सूत त्या फटीतून येते.

टोकनायझर लिहिताना मला पुस्तकातली आकृती कधी दिसली नाही. मला ती फट दिसायची.

८

ग्रबच्या भाषेत शब्द कुठे संपतो, याचे नियम थोडे आहेत. रिकामी जागा आली, ओळ संपली, अर्धविराम आला, महिरपी कंस आला, की शब्द संपतो. काही शब्द भाषेने स्वतःसाठी राखून ठेवले आहेत. त्यांतल्या काहींना अजून उपयोगच दिलेला नाही. पुढे लागतील म्हणून ठेवलेले. माळ्यावरच्या घडवंचीसारखे.

खरी परीक्षा अवतरणचिन्हांची. अवतरणात आले की रिकामी जागा शब्द तोडत नाही. नावात चार शब्द असले तरी ते एकच टोकन. दुहेरी अवतरणात डॉलरचे चिन्ह आपला अर्थ राखून असते. तिथे एखाद्या चलाची किंमत येऊन बसते. एकेरी अवतरणात कोणालाच विशेष अर्थ नाही. जसे लिहिले तसे राहील. इतके की एकेरी अवतरणाच्या आत एकेरी चिन्ह येऊच शकत नाही, त्याच्या आधी बॅकस्लॅश दिला तरीही. जी जागा सर्वांना जसेच्या तसे राहू देते, तिच्या दाराचीच खूण तिला आत घेता येत नाही.

बॅकस्लॅश पुढच्या अक्षराला म्हणतो : तुझ्या अंगी जो अधिकार आहे तो या घटकेपुरता बाजूला ठेव, आणि नुसते अक्षर होऊन राहा.

माणसालाही अशी घटका हवी असते. हुद्दा, आडनाव, गाव बाजूला ठेवून नुसते असण्याची.

९

‘टोकन’ हा शब्द वऱ्हाडात संगणकाने आणलेला नाही. खरेदी केंद्रावर शेतकऱ्याच्या हाती जी क्रमांकाची चिठ्ठी पडते, ती टोकन. २०१७ मध्ये तुरीचे पीक भरभरून आले तेव्हा केंद्रांबाहेर रांगा लागल्या आणि ‘टोकनधारक शेतकरी’ हा शब्द वर्तमानपत्रांत रोज छापून येऊ लागला. माल घरी, चिठ्ठी खिशात, नजर आभाळाकडे.

टोकन दाम सांगत नाही. टोकन जागा सांगते. तुझी नोंद झाली, तुझा क्रम अमुक, तुला बोलावले जाईल. टोकन देणाऱ्याने दिलेले वचन एवढेच असते की जो रांगेत आहे तो हरवणार नाही.

टोकनायझरचे वचनही तेच. फाइलीत आलेले एकही अक्षर हरवणार नाही. प्रत्येक अक्षर कोणत्या ना कोणत्या टोकनात मोजले जाईल. सारी टोकने पुन्हा ओळीने जोडली की मूळ फाइल हुबेहूब उभी राहिली पाहिजे. मी माझ्या लायब्ररीची पहिली चाचणी हीच ठेवली आहे. तोडलेले जोडून पाहा. उणे निघाले तर तोडणे चुकले.

१०

‘टोकन’ला लागून आणखी एक शब्द आहे, टोकण. ओळीत ठरावीक अंतरावर खड्डा करून एकेक बी टाकणे. कपाशी अशी लावतात. दोन बियांत किती जागा सोडायची, ते आधी ठरलेले असते. जवळ पडले तर झाडे एकमेकांचा घास घेतात. दूर पडले तर जमीन वाया जाते.

टोकन आणि टोकण. एक परदेशातून आला, एक शेतातून. दोघांचा धडा एकच निघाला : अंतर मोजून ठेवलेले असले, तरच प्रत्येकाला वाढता येते.

११

चिठ्ठीत काही ओळी यंत्रासाठी नसतात. ज्या शब्दाच्या आरंभी हॅशचे चिन्ह येते, तो शब्द आणि त्या ओळीतले पुढचे सारे ग्रब वगळतो. त्या टिपा माणसाने माणसासाठी लिहिलेल्या असतात. ‘ही ओळ बदलू नका, जुनी डिस्क लागते.’ ‘हे परीक्षेपुरते आहे.’ लिहिणारा बदली होऊन गेलेला असतो, टीप राहिलेली असते.

अनेक टोकनायझर टिपा आणि रिकाम्या जागा टाकून देतात. यंत्र सुरू करायचे असेल तर ते ठीकच. पण फाइल वाचून, एखादी ओळ बदलून, पुन्हा लिहायची असेल, तर टीप टाकणारे साधन माणसाची आठवण पुसत असते.

जिनमध्ये मी फेकायची सरकी कधी पाहिली नाही. रुई गठाणीत गेली तरी सरकीचे तेल निघते, ढेप होते, ढेप गुरांपुढे जाते. काय टाकाऊ, हे ज्याला एकच गिऱ्हाईक माहीत आहे त्याला विचारू नये.

१२

आता माझी चूक.

अकोला जिल्ह्यातल्या एका शाळेत एका शिक्षकांनी दोन-दोन प्रणाली असलेले काही संगणक मुलांसाठी लावले होते. मेनूतली नावे नीट करायला ते माझे साधन वापरत. एका नोंदीचे नाव एकेरी अवतरणात लिहिलेले होते आणि त्या नावातच इंग्रजी षष्ठीचे एकेरी चिन्ह आले. अवतरण अर्ध्यातच मिटले. नावाच्या शेवटचे चिन्ह मग नवे अवतरण उघडून बसले आणि पुढच्या नोंदी त्याच्या पोटात गेल्या. फाइल संपली तेव्हा एक अवतरण उघडेच होते.

माझी लायब्ररी अशा वेळी काय करत होती? फाइल संपली म्हणजे अवतरणही संपले असे धरून ती स्वतःच ते मिटवत होती. एक इशारा नोंदवहीत लिहीत होती, आणि पुढे जात होती. साधनाने तो चुकीचा पाठ खरा मानून नवी फाइल लिहिली. नवी फाइल व्याकरणाने शुद्ध होती. कुठलीही तपासणी तिला नाव ठेवू शकली नसती.

सकाळी त्यांचा फोन आला. ‘सर, मेनूत चार नावं होते, आता दोनच दिसून राह्यले.’

मी इशाऱ्याची नोंद शोधली. ती होती. बरोबर होती. कोणी वाचली नव्हती, कारण काम झालेले दिसत होते.

उघडे राहिलेले अवतरण मी मिटवले होते, हे मला मदत वाटली होती. ज्याचे वाक्य अपुरे आहे, त्याचे वाक्य आपण पुरे करणे ही मदत नसते. ते त्याच्या तोंडी आपले बोलणे घालणे असते. केसोबासांनी जे सातशे वर्षांपूर्वी टाळले, ते मी केले होते.

१३

२९ जुलै २०२० रोजी एक्लिप्सियम या संस्थेने ग्रबमधला एक दोष जाहीर केला. त्याचे नाव पडले ‘बूटहोल’. गंभीरतेच्या मापात दहापैकी ८.२. मी तो अहवाल अमरावतीत पावसाळी रात्री वाचला आणि शाळेच्या फोनची ती सकाळ मला पुन्हा दिसली.

सुरक्षित आरंभाची व्यवस्था अशी असते की यंत्र सुरू होताना प्रत्येक कडी पुढच्या कडीची डिजिटल स्वाक्षरी तपासते. ग्रबवर स्वाक्षरी होती. ग्रब जी चिठ्ठी वाचतो तिच्यावर नव्हती. तो साधा मजकूर. यंत्रावर प्रशासकाचा अधिकार मिळवलेला कोणीही तो बदलू शकत होता. पहारेकऱ्याची ओळख तपासली जात होती, त्याच्या हातातल्या कागदाची नाही.

तरीही चिठ्ठी म्हणजे नुसते शब्द. शब्दांनी पहारेकऱ्याला काय होणार? इथे टोकनायझर येतो. ग्रबचे शब्द सुटे करणारा भाग फ्लेक्स या साधनाने तयार केलेला आहे. फ्लेक्स १९८७ च्या सुमाराचे, जगभर विसंबून वापरलेले. ते सुट्या शब्दासाठी ठरावीक मापाची जागा ठेवते. त्या जागेत न मावणारा शब्द आला तर ते एका कार्याला हाक देते : आता पुढे जाता येत नाही. ही हाक गेली की सारे थांबेल, ती हाक परत येणार नाही, असे फ्लेक्सने धरलेले होते.

ग्रबमध्ये ती हाक परत येत होती. ग्रब चूक पडद्यावर छापत होता आणि थांबत नव्हता. मागे परतलेले काम तसेच पुढे चालू राही, आणि न मावणारा शब्द आपल्या जागेबाहेर, शेजारच्या स्मृतीवर सांडत जाई. कुणी विचारपूर्वक लिहिलेला लांब शब्द असा सांडून यंत्राच्या आरंभावरच ताबा मिळवू शकत होता, प्रणाली उठण्याच्याही आधी.

दोष चूक ओळखण्यात नव्हता. चूक बरोबर ओळखली होती, तिचे नाव बरोबर छापले होते. दोष त्यानंतरच्या पावलात होता.

दुरुस्तीचा गाभा लहान होता : ती हाक गेली की खरोखर थांबायचे. पण उंबरठ्यावरचे काम नाजूक असते. दुरुस्त्या जगभर पाठवल्या गेल्या तेव्हा रेड हॅटच्या प्रणालीवर चालणारी काही यंत्रे नव्या दुरुस्तीनंतर सुरूच होईनात, आणि त्या दुरुस्तीची दुरुस्ती करावी लागली. दाराचा कोयंडा बसवताना घरातलेच काही दिवस बाहेर राहिले.

१४

कापसात कधी खडा येतो, कधी खिळा, कधी तारेचा तुकडा. तो जिनात गेला तर ठिणगी उडते आणि रुईला पेटायला ठिणगी पुरते. म्हणून जिनवर कापूस टाकणाऱ्याचा हात नुसता टाकत नाही, चाचपतही असतो.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आवारात नवा आलेला एक पोरगा जिनवर होता. त्याला कापसात लोखंड दिसले. तो ओरडला, ‘खिळा हाय, खिळा हाय!’ आणि हात तसाच चालवत राहिला, कारण मागून कापूस येत होता आणि काम थांबवायची त्याला भीती वाटली. एका जुन्या कामगारकाकांनी धावत येऊन पट्टा उतरवला. खिळा रोलरच्या चार बोटे अलीकडे होता. काका रागावले नाहीत. खिळा त्याच्या हातात देऊन एवढेच म्हणाले, ‘नुसतं वरडून काय होते, बापू? आधी पट्टा थांबव, मंग वरड.’

बूटहोलचा अहवाल मी दोनदा वाचला. त्यातले सारे तंत्र काकांच्या त्या एका वाक्यात मावत होते.

१५

चूक सांगणे आणि चुकीपुढे थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला डोळे लागतात, दुसरीला धीर.

आपण डोळ्यांचे कौतुक पुष्कळ करतो. इशारे, अहवाल, नोंदी, शेरे. ज्याने धोका दाखवला तो शहाणा ठरतो. पण नोंदवून पुढे गेलेला धोका मागे राहत नाही. तो आपल्याच सोबत चालू लागतो, आणि त्याची नोंद झाली आहे म्हणून आपण निर्धास्त असतो.

थांबणाऱ्याचा अपमान होतो. मागची रांग ओरडते, मुकादम विचारतो, पडद्यावर काम अपुरे दिसते. पुढे जाणाऱ्याचे काम पुरे दिसते. म्हणून जगात पुढे जाणारे अधिक सापडतात.

ज्याला थांबता येते, त्याच्याच चालण्यावर विसंबावे.

१६

शाळेच्या त्या फोननंतर मी लायब्ररी बदलली. आता उघडे अवतरण मिळाले की ती थांबते. अंदाज करत नाही, मिटवत नाही, अर्धी फाइल पुढे देत नाही.

पण थांबताना काय सांगायचे, हाही प्रश्न होता. फाइल जिथे संपली ती जागा दाखवावी, हे सोपे होते. चूक तिथे उघड होते. त्या जागी माणूस गेला तर त्याला काहीच वावगे दिसत नाही. शेवटची ओळ निर्दोष असते. चूक जिथे कळते तिथे ती घडलेली नसते. म्हणून लायब्ररी आता ज्या ओळीवर ते अवतरण उघडले, ती ओळ आणि ते अक्षर दाखवते. टोकनासोबत जागेची नोंद ठेवली होती, ती इथे उपयोगी पडली.

घरातल्या भांडणांना, गावातल्या तंट्यांना हेच लागू पडते. शेवटच्या शब्दावर सारे बोट ठेवतात. उघडलेले अवतरण कितीतरी ओळी वर असते.

१७

मला कधी विचारतात, एवढ्या लहान साधनाचा एवढा घोर का? मी वडिलांचा काटा आठवतो. ते कापसाचे व्यापारी नव्हते, शेतकरी नव्हते, गिरणीवाले नव्हते. गाडी आली, वजन केले, चिठ्ठी लिहिली. त्यांच्या हातून कापूस पिकला नाही, विकला गेला नाही, विणला गेला नाही. पण शेतकऱ्याचे वर्ष त्यांच्या चिठ्ठीवर उभे राहत होते. आकडा नीट दिसला नाही तर ते लिहीत नसत. काटा स्थिर होईपर्यंत हात वर धरून उभे राहत, आणि मागची रांगही मग उभी राहत असे.

मधल्या माणसाला यश मिळत नाही. त्याला फक्त चूक न करण्याची संधी मिळते, आणि ती रोज मिळते.

१८

यंत्राला सगळे नियम शिकवता येतात. तरी दोन्हीकडे सारखा झुकणारा एखादा अक्षरसमूह उरतोच. तिथे नियम संपतात आणि लिहिणाऱ्याचा हेतू सुरू होतो. तो हेतू कागदावर नसतो. तो माणसाकडे असतो.

कापूसतोलावा.

मी आता पट्टा थांबवतो, कागद लिहिणाऱ्याकडे परत नेतो आणि विचारतो : दादा, तोलायचा आहे की लावायचा आहे?